लिंबाखालची होडी

विकाऊ होडी बघायला निघालेला माणूस पाण्याकडे जात असेल, असं कुणालाही वाटेल. आमच्या अंबड तालुक्यात तो बहुतेक वेळा एखाद्या लिंबाखाली जाऊन पोचतो. होडी दोन दगडांवर टेकलेली असते. आत पालापाचोळा, कडब्याच्या चार पेंढ्या, कोपऱ्यात अंड्यावर बसलेली कोंबडी. कधीतरी नदी आटली तेव्हा ती वर ओढून आणली आणि मग तिथंच राहून गेली.

जुन्या होडीबद्दल या प्रकरणात पुष्कळ गोष्टी येतील, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच आहे. आपल्याकडे होडी पाण्यात जेवढी खराब होते, त्याहून जास्त कोरड्यावर खराब होते. म्हणून विकणाऱ्याला ‘किती वर्षं चालली?’ हे नंतर विचारावं. आधी विचारावं, ‘किती वर्षं पडून होती, आणि कशी पडून होती?’

अंबड गावाला लागून मत्स्योदरी देवीचा डोंगर आहे. माशाच्या आकाराचा म्हणून देवीचं हे नाव. नावात मासा असला तरी गावात नदी नाही. होडी चालेल असं पाणी पाहायचं तर दक्षिणेला, वडीगोद्री ओलांडून शहागडला जावं लागतं. तिथं गोदावरी तालुक्याची सीमा होऊन वाहते आणि पलीकडच्या काठाला बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. वरच्या अंगाला पैठणचं जायकवाडी धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. धरण झाल्यावर खालची नदी बारमाही राहिली नाही. पुढे आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे उच्च पातळी बंधारे झाले आणि नदीच्या पात्रात पुन्हा तुंबलेलं, खोल पाणी दिसू लागलं. त्या पाण्यावर मासेमारी होते, पलीकडच्या रानात जाणं-येणं होतं, म्हणून होड्या लागतात.

पण या पाण्याचा भरवसा नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दोन्ही दुष्काळांत जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. उलट ऑगस्ट २००६ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच धरणातून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं आणि काठची गावं रिकामी करावी लागली. म्हणजे दोन-तीन वर्षं होडी रेतीवर आणि मग एकदम महापुरात. समुद्रावरच्या होडीच्या नशिबी हे येत नाही. कोकणातली होडी पावसाळ्याचे दोन-अडीच महिने वर ओढतात, ती झापांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. आमच्याकडे होडी वर का आणली, ती परत कधी जाणार, हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे ती कुणी झाकतही नाही.

माझ्या मामांची थोडी जमीन नदीपलीकडे आहे. बंधाऱ्याचं पाणी चढलं की पुलावरून मोठा वळसा पडतो, म्हणून त्यांना एक साधी होडी हवी होती. गावातल्या कुणीतरी सांगितलं, अमक्याच्या वस्तीवर पत्र्याची होडी आहे, द्यायची म्हणतो. मीही सोबत गेलो. होडी निळ्या रंगात न्हाऊन निघाल्यासारखी चकाकत होती. मामांनी हात फिरवला आणि विचारलं, “भाऊ, रंग कवा दिला?”

“दिवाळीला दिला की.”

मामांनी बोट नाकाला लावलं. थिनरचा वास अजून येत होता. ते काही बोलले नाहीत. रंग ताजा असणं हा गुन्हा नव्हे, माणूस लेकीच्या लग्नात घरालाही रंग देतो. पण विकायच्या आधी दिलेल्या रंगाखाली काय आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पत्र्याच्या होडीचा गंज बाहेरून दिसतो तो कमी काळजीचा. खरा गंज आतून, तळाच्या कोपऱ्यात असतो, जिथं तळाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जोडलेला असतो. पावसाचं पाणी तिथं साचतं, त्यात रेती आणि पाला मिसळतो, आणि उन्हाळाभर तो ओलसर गाळ पत्र्याला चिकटून राहतो. पाय ठेवायला टाकलेल्या फळ्या उचलल्याशिवाय हे कळत नाही. विकणारा म्हणेल, खिळे ठोकलेत, निघत नाहीत. तर मग खिळे काढायची परवानगी मागावी, नाहीतर सौदा तिथंच थांबवावा. गंजाची जागा लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त असते. म्हणून गंजलेला पत्रा हाताला जाड लागतो. प्रत्यक्षात त्या पापुद्र्याखाली लोखंड कागदाएवढं उरलेलं असू शकतं. लहान हातोडी घ्यावी आणि तळभर, वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जावं. चांगला पत्रा ‘ठण्ण’ वाजतो, खाल्लेला ‘थप्प’. कान पाच मिनिटांत तयार होतो. जिथं आवाज बदलेल तिथं खडूने गोल करावा. मामांनी असे अकरा गोल केले. विकणारा आमच्याकडे न पाहता दोरी गुंडाळत राहिला.

ठिगळ म्हणजे वाईट, असं समजू नये. चांगल्या वेल्डरने गंजलेला भाग पूर्ण कापून, नवा पत्रा बसवून, दोन्ही बाजूंनी झाळलेलं ठिगळ वर्षानुवर्षं टिकतं. आमच्याकडच्या नांगर-वखराच्या कारखान्यांत असं काम करणारे कारागीर आहेत. वाईट असतं ते गंजावरच ठेवून चिकटवलेलं ठिगळ. त्याच्या चारी कडांना पुढच्या वर्षी नवी भोकं पडतात, कारण झाळ लावताना आजूबाजूचा अर्धमेला पत्रा आणखी जळतो. डांबर आणि एम-सील लावलेली जागा तर आधीच कबुली देते की इथून पाणी येत होतं.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला काहीही लागत नाही. होडी उलटी करावी आणि भर उन्हात तिच्याखाली शिरावं. दोन मिनिटं डोळे मिटून बसावं आणि मग उघडावे. अंधारात सुईच्या टोकाएवढं भोकही चांदणीसारखं दिसतं. उलटी करणं जमत नसेल तर होडी सरळच राहू द्यावी, तळ जमिनीपासून वर राहील अशी चार-पाच ठिकाणी आधार देऊन उचलावी आणि आत पाणी ओतावं. हो, आत. बाहेरून पाणी आत येताना शोधायचं म्हणजे होडीत बसून ओल्या तळात चाचपडायचं. आतून बाहेर येणारं पाणी कोरड्या जमिनीवर ठिपका पाडून स्वतःच जागा दाखवतं. पण पाणी जपून ओतावं. एक लिटर म्हणजे एक किलो. चौदा फूट लांब, चार फूट रुंद होडीत दोनशे लिटरचा एक ड्रम ओतला तरी तळाला दोन बोटं पाणी होतं, आणि तेवढं पुरतं. काठोकाठ भरली तर होडी स्वतःच्या ओझ्याने मधोमध वाकेल. नदीत असताना बाहेरचं पाणी तिला चहूबाजूंनी तोलून धरतं, इथं तिला फक्त चार दगड धरून आहेत.

मामांनी ड्रम ओतायला लावला. पहिला ठिपका पडायला चहा येईपर्यंतही वेळ लागला नाही.

आता लाकडी होडीकडे वळतो. आमच्या भागात ती कमी होत चालली आहे, पण जुन्या भोई कुटुंबांकडे अजून एखादी सापडते. लाकूड पाण्यात फुगतं आणि कोरड्यावर आकसतं. दोन वर्षं उन्हात पडलेल्या लाकडी होडीच्या फळ्यांमध्ये फटी दिसल्या, तर घाबरून जाऊ नये. ती पाण्यात बुडवून ठेवली की दोन-चार दिवसांत फळ्या फुगून फटी मिटू लागतात. घाई करून त्या कोरड्या फटींत सिमेंट किंवा कडक पुट्टी ठासून भरणं ही मात्र मोठी चूक आहे. फळी फुगायला लागते, पुट्टी दबत नाही, आणि मग फळीच खिळ्यावरून उचकटते. अशी भरलेली होडी दिसली तर ती दुरुस्त झालेली नसून आणखी बिघडलेली आहे, असं समजावं.

कुजणं ही वेगळी गोष्ट. समुद्राचं खारं पाणी लाकडाला कुजण्यापासून बऱ्यापैकी वाचवतं. तिथले शत्रू लाकूड पोखरणारे समुद्री किडे. गोड्या पाण्यात ते नसतात, पण बुरशी असते, आणि बुरशीला सगळ्यात जास्त मानवतं ते साचलेलं पावसाचं पाणी. म्हणून टोकांच्या आतल्या खाचा, बसायच्या फळ्यांचे सांधे आणि कण्याला लागून असलेली तळाची पहिली फळी या जागा दाभणाने तपासाव्यात. दाभण टोचून वर उचकावं. निरोगी लाकडाचा लांब, चिवट कपचा निघतो. कुजलेलं लाकूड आडवं मोडतं, बिस्किटासारखं, आवाजही करत नाही. आणि आमच्याकडे आणखी एक शत्रू आहे, जो होडीवरच्या कुठल्याच इंग्रजी पुस्तकात मला भेटला नाही: वाळवी. होडी जमिनीला टेकलेली असेल तर तिच्या पोटात वाळवीने वारूळ केलेलं असू शकतं आणि वरचा रंग शाबूत असतो. मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, ते दगड टेकले होते त्याच ठिकाणी पाहावं.

कुठल्याही जुन्या होडीचा कणा सरळ आहे का, हे पाहायला एक सुतळी पुरते. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत तळाखालून सुतळी ताणून धरावी. दोन दगडांवर वर्षानुवर्षं पडलेल्या होडीची टोकं लोंबलेली असतात आणि मध्य वर आलेला असतो, किंवा दगड टोकांना असतील तर मध्यच खाली झोल खातो. वाकलेली होडी तरंगते, पण नीट चालत नाही.

फायबरची बोट ही हल्ली जास्त मिळते. जायकवाडीच्या नाथसागरावर, उजनी धरणावर ती सापडते, आणि कोकणात पर्यटकांच्या धंद्यातून निवृत्त झालेल्याही इकडे येतात. फायबर गंजत नाही, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण त्यालाही ऊन लागतं. वरच्या गुळगुळीत थरावर बोट घासून पाहावं, खडूसारखी पांढरी पूड आली तर ती बोट पुष्कळ उन्हं खाल्लेली आहे. तेवढ्याने ती टाकाऊ ठरत नाही. काळजी पुढची आहे. फायबरच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा प्लायवुड किंवा फोम घातलेला असतो, विशेषतः तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांत आणि इंजिन अडकवायच्या मागच्या उभ्या फळीत. कुणीतरी एक नळी बसवायला, एक कडी अडकवायला भोक पाडलेलं असतं आणि ते नीट बुजवलेलं नसतं. त्यातून पाणी आत शिरतं, प्लायवुड भिजून कुजतं, आणि बाहेरचं फायबर मात्र नव्यासारखं दिसत राहतं. म्हणून एक नाणं घेऊन सगळीकडे टकटक करत जावं. टणक आवाज हवा. बद्द, पोकळ किंवा ओल्या मातीसारखा आवाज आला तर थर सुटलेत. मागच्या फळीसाठी दुसरी युक्ती आहे: इंजिन लावलेलं असताना त्याच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली जोर द्यावा. फळी हलता कामा नये. ती थोडीशी जरी वाकताना दिसली, फळीच्या कडांना केसासारख्या रेषा उमटल्या, तर आतलं लाकूड गेलं. ते बदलायचं म्हणजे मागचा भाग कापून पुन्हा बांधायचा, आणि त्या कामाला बोटीच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो.

फोममध्ये पाणी मुरलं की बोट जड होते. चार माणसं उचलत होती ती आता सहांना उचलत नाही, हे विकणाऱ्याला माहीत असतं. गावातल्या इतरांनाही माहीत असतं. त्यांना विचारावं.

माणसं मात्र इंजिनाकडेच आधी जातात. तेही चुकीचं नाही, कारण इंजिन महाग असतं. पण इंजिन सुटं काढून बदलता येतं, सांगाडा बदलता येत नाही.

इंजिनाच्या बाबतीत शेतकऱ्याचा हात पाण्याच्या पंपावर तयार झालेला असतो, आणि तो इथं कामाला येतो. पहिलं म्हणजे पोचताक्षणी इंजिनावर तळहात ठेवावा. ते कोमट असेल तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी ते सुरू करून ठेवलंय. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू होणं आणि तापवून ठेवलेलं सुरू होणं यात फार फरक आहे. दुसरं, बोटीच्या मागे अडकवायचं इंजिन कोरड्यावर सुरू करू देऊ नये. “आवाज तर ऐका” म्हणत विकणारा अंगणात दोरी ओढतो, पण त्या इंजिनाला थंड ठेवणारं पाणी खालच्या टोकातून एका रबरी चक्राने ओढलं जातं. पाणी नसेल तर ते रबर बघता बघता जळतं. इंजिनाचं खालचं टोक पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुडवूनच सुरू करावं. मग मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार निघायला हवी. ती धार पंधरा मिनिटं सलग आणि जोरात राहिली पाहिजे. आमच्या गोदावरीत रेती आणि गाळ फार, तो ते रबर घासून टाकतो. समुद्रावरून आलेल्या इंजिनात मिठाने वाटाच बुजत आलेल्या असतात. दोन्हींचं लक्षण एकच, धार मंदावते.

मग गिअरचं तेल. खालच्या टोकाला एक स्क्रू असतो. तो रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचा, सकाळी, थोडासाच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत पाणी शिरलं असेल तर ते आधी बाहेर येतं. तेल ताकासारखं पांढुरकं निघालं तर सील फुटलंय. हे सील फुटतं बहुतेक वेळा तंगूसामुळे. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्याच्या मागे गुंडाळला जातो, चाकूसारखा आत घुसतो आणि रबर कापतो. पंखा काढून तिथं धागा आहे का, ते बघायला दहा मिनिटं लागतात. मासेमारी होते त्या पाण्यावर ही दहा मिनिटं टाळू नयेत.

समुद्रावरून आलेल्या इंजिनाला एक जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. मिठाच्या पाण्यात इंजिनाऐवजी तो तुकडा झिजावा, अशी ती योजना. तो अर्धा झिजलेला दिसला तर चांगलं लक्षण, त्याने आपलं काम केलंय. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. तिथं मॅग्नेशियमचा तुकडा लावतात. इकडे आणल्यावर तेवढा बदल करून घ्यावा. पेट्रोलची नळीही बदलावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि जुन्या रबरी नळ्या त्यात मऊ पडून आतून सुटतात.

जुनी वस्तू घ्यायचीच नाही, असा कुणी अर्थ काढू नये. सोलापूरचे वालचंद हिराचंद १९१९ मध्ये जहाजाच्या धंद्यात उतरले ते जुनं जहाज घेऊनच. १८९१ साली बांधलेलं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी युद्धकाळात इस्पितळी जहाज म्हणून घेतलं होतं आणि त्याचं नाव ‘लॉयल्टी’ ठेवलं होतं. वालचंदांनी तेच विकत घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडला निघालं. आज आपण त्या दिवशी राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. जहाजाचं वय तेव्हा २८ वर्षं होतं आणि १९२३ मध्ये ते भंगारातही गेलं. पण त्याच्यामागे उभी राहिलेली सिंधिया कंपनी पुढे कित्येक दशकं चालली. आपण काय घेतोय आणि ते किती दिवस टिकणार, याचा अंदाज घेणाऱ्याला असेल तर जुनी होडी फसवत नाही.

आता वजनाची गोष्ट, कारण जीव जातात ते इथं. विकणारा सांगतो, “दहा माणसं बसतात.” बसतात खरी. पण होडीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो, ते मोजा. चौदा बाय चार फुटांच्या होडीत साधारण ४० किलो वजन वाढलं की ती एक सेंटीमीटर खाली जाते. माणूस ७५ किलोचा धरला तर दहा माणसांनी ती १८-१९ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास एक वीत खाली बसते. रिकामी असताना काठ दोन वीत वर असेल तर उरली एकच वीत. शांत पाण्यात ती पुरेल. वारा सुटला की नाही पुरत. चाचणी घेताना माणसं चढवू नयेत, रेतीची वजन केलेली पोती चढवावीत. पन्नास किलोची तीन पोती म्हणजे दोन माणसं. त्यातही पोती तळाशी निपचित पडतात, माणसं उभी राहतात, एका बाजूला सरकतात, फोटो काढायला वळतात. म्हणून पोत्यांनी जो आकडा निघेल त्यातून दोन माणसं कमी करून तोच आकडा कायम पाळावा आणि होडीवर रंगाने लिहून ठेवावा.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा गेले, त्यांत लहान लेकरं होती. धरणाचं पाणी नदीसारखं नसतं. नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेला आणि उथळ आहे. अशा पाण्यावर वारा आला की आखूड, उभ्या, एकामागून एक लाटा उठतात. होडीत आलेलं थोडंसं पाणी ती कलली की त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून होडीच्या दोन्ही टोकांना पाणी शिरू शकत नाही अशा बंद पेट्या किंवा फोम आहे का, हे बघावं. उलटल्यावरही ती तरंगत राहिली तर धरायला काहीतरी असतं. सोबत मिळालेली लाईफ जॅकेटं भेटवस्तू समजून घेऊ नयेत. एकेक अंगात घालून काठालगत कमरेएवढ्या पाण्यात उतरावं आणि पाय उचलून अंग सैल सोडावं. हनुवटी वर ठेवत नसेल ते जॅकेट तिथंच टाकून यावं.

कागदांबद्दल आमच्याकडे हयगय फार. यंत्राने चालणाऱ्या होडीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा त्याखाली येतात. राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. पाचशे रुपयांच्या बॉण्डवर लिहिलेला खरेदीचा कागद म्हणजे मालकी बदलल्याची नोंद नव्हे. ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्याकडूनच घ्यावी, इंजिनावरचा नंबर बिलाशी जुळवावा, जुन्या मालकाने कर्ज घेतलं होतं का, ते विचारावं. आणि होडी आपली झाली म्हणून पाणी आपलं होत नाही. तलावातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आणि नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. कुठे, कशासाठी चालवणार, याची परवानगी होडीच्या आधी विचारून घ्यावी.

गोदाकाठाला एक गोष्ट वेगळी सांगावीच लागते. तळावर मोठ्या बोल्टांची भोकं, जाड लोखंडी चौकट, कोपऱ्याकोपऱ्यात घट्ट बसलेली रेती अशी होडी दिसली, तर ती बहुधा वाळू उपसायला वापरलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली अवैध उपशाची साधनं जप्त होतात. महसूलच्या पथकांनी अशा बोटी जिलेटिन लावून पाण्यातच उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशी होडी स्वस्त मिळते, कारण मालकाला ती दारासमोरून हलवायची असते. तिचा तळ पंपाच्या कंपनाने सैल झालेला असतो, तो भाग निराळाच. नदीचं पात्र खोल खड्ड्यांचं करून, त्यात पोहायला उतरलेली पोरं गिळणाऱ्या धंद्याची ती वस्तू आहे. मी ती घेणार नाही आणि कुणाला घ्या म्हणणारही नाही.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर काही गावांत बोलणं सुरू झालं की आपत्ती पथकाची वाट न बघता गावाची स्वतःची एक हवेची रबरी बोट असावी. विचार चांगला आहे. पण जुनी घ्यायची तर ती कुठल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली होती, हे आधी विचारा. उन्हाळ्यात त्या खोलीत डिंक वितळतो आणि जोड सुटतात. ती पूर्ण फुगवून, साबणाचं पाणी जोडांवर आणि झडपांवर फिरवून, बुडबुडे शोधावेत. मग रात्रभर तशीच ठेवावी. पहाटेच्या गारव्यात ती थोडी नरम लागेल, ते चालतं. ऊन चढल्यावर पुन्हा ताठ झाली पाहिजे. सकाळी अकरापर्यंतही ढिलीच राहिली तर हवा कुठूनतरी निघतेय.

मामांनी ती निळी होडी घेतली नाही. पुढे महिनाभराने पैठणच्या बाजूला एका मच्छीमाराकडे फायबरची जुनी बोट मिळाली. रंग उडालेला, काठाला दोन जागी उघड दिसणारी दुरुस्ती, आत बसायच्या फळीवर त्याच्या पोरांनी खिळ्याने कोरलेली नावं. ती मागच्या आठवड्यापर्यंत पाण्यात होती. मच्छीमार म्हणाला, “मामा, घाई नका करू. आज रातीला हितंच बांधून ठेवा, सकाळच्याला बघा.” मामांनी कोरड्या फडक्याने तळ पुसून घेतला, दोरी बाभळीला बांधली, आणि आम्ही त्याच्याच ओसरीवर झोपलो.

उजाडायच्या आत मामा काठाला गेले. मी मागून पोचलो तेव्हा ते बोटीत वाकून, तळव्याने मागच्या कोपऱ्यापासून पुढपर्यंत तळ चाचपत येत होते. त्यांनी हात बाहेर काढून मला दाखवला. फक्त दहिवर लागलं होतं.